जिल्ह्याच्या रंगात हरवलेला मोहल्ला

वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी ६ जून २०२५ रोजी 'उमीद' पोर्टल सुरू झाले आणि 'जिओ-टॅगिंग' हा शब्द आपल्या मशिदींच्या ट्रस्टींच्या तोंडी बसला. कब्रस्तान, ईदगाह, दर्गा नकाशावर नेमके कुठे येतात, हे बघत लोक मोबाईल घेऊन फिरले. त्या कायद्याबद्दल काय म्हणायचे ते वेगळे. पण सरकारी कारभार आता नकाशावर चालतो, एवढे तरी सगळ्यांना कळले. शाळा, दवाखाने, नळयोजना, सगळ्यांचे डॅशबोर्ड झाले आहेत. रंगीत नकाशा, बोट लावले की आकडा. दिसायला झकास. प्रश्न असा की त्या नकाशात आपण दिसतो का?

आमचे उत्तर असे की रंग कशाला दिला आहे, ते आधी पाहा. जिल्ह्याला, तालुक्याला, की वस्तीला? अर्धा निकाल तिथेच लागतो.

याचा अनुभव आपल्या समाजाने घेतलेला आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानंतर २००८-०९ मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांसाठी बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम आणला आणि २००१ च्या जनगणनेवरून देशातले ९० जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले चार होते: परभणी, हिंगोली, वाशिम आणि बुलढाणा. मालेगाव कुठे गेले? भिवंडी कुठे गेली? मालेगाव नाशिक जिल्ह्यात, भिवंडी ठाण्यात. एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत ही शहरे विरघळून गेली. कुणी मुद्दाम वगळले असे आम्ही म्हणत नाही. निवडलेले चार जिल्हेही चुकीचे नव्हते. अल्पसंख्याकांत बौद्ध बांधवही येतात आणि तिथली गरज खरीच होती. चूक मोजपट्टीची होती. शिवाय जिल्हा यादीत आला तरी काम भलत्याच गावात होते, अशी टीका झाली ती वेगळीच.

मग मोजपट्टी बदलली. २०१३-१४ पासून जिल्ह्याऐवजी ७१० विकास गट आणि ६६ शहरे घेतली गेली. २०१८ मध्ये योजनेचे नाव 'प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रम' झाले आणि यादी १३०० क्षेत्रांपर्यंत वाढली. आता तर योजना सगळ्या जिल्ह्यांना खुली आहे. अट एवढीच की प्रकल्पाच्या भोवती १५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात अल्पसंख्याक २५ टक्क्यांहून जास्त हवेत. आधी जिल्हा, मग तालुका, आता वर्तुळ. योजना तीच, पण नकाशा बदलला की हकदार बदलतो.

इथे एक गैरसमज दूर करू. डॅशबोर्डवर दोन बोटांनी झूम केले की वाटते, आपण गल्लीत पोचलो. खरे तर चित्र मोठे होते, माहिती बारीक होत नाही. जिल्ह्याचा आकडा कितीही झूम केला तरी जिल्ह्याचाच राहतो.

बारीक माहिती मिळाली तर काय दिसते, त्याचे उदाहरण आहे. डेव्हलपमेंट डेटा लॅब या संशोधन गटाशी जोडलेले अर्थतज्ज्ञ पॉल नोवोसाद, सॅम अॅशर आणि सहकाऱ्यांनी देशातल्या सुमारे १५ लाख वस्त्यांची माहिती तपासली. देशातले २६ टक्के मुसलमान अशा वस्त्यांत राहतात जिथे ८० टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान आहेत. ज्या वस्तीत मुसलमान नाहीत तिच्या तुलनेत पूर्ण मुस्लिम वस्तीत माध्यमिक शाळा असण्याची शक्यता निम्मी आणि नळाच्या पाण्याची दहा टक्के कमी. ही दरी एकाच शहराच्या आत, एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात जाताना पडते. जिल्ह्याच्या सरासरीत ती कधीच दिसली नसती. ही माहितीही आता दहा वर्षांहून जास्त जुनी आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणून गणना करणारा दारात आला की भाषा, शिक्षण, नळ, संडास सगळे नीट सांगायचे. "जाऊ द्या, काय फरक पडतो" म्हणायचे नाही.

वर्तुळाचीही गोष्ट ऐका. आरटीईच्या २५ टक्के प्रवेशासाठी पालक ऑनलाइन नकाशावर घराच्या जागी बलून ठेवतात, हे पुष्कळांना माहीत आहे. बलून चुकला की अर्ज अडकतो. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा देण्याची गरज नाही. एका वर्तुळाने हजारो गरीब लेकरांचे दार बंद झाले असते. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला हा बदल रद्द केला. पण नकाशावरचा एक किलोमीटर आणि सहा वर्षांच्या पोराच्या पायांचा एक किलोमीटर एक नसतो, हे कोणत्याच वर्तुळात लिहिलेले नसते. मध्ये नाला असतो, रेल्वेचे रूळ असतात.

मग आपण काय करायचे? नुसती तक्रार नको. इंटरॅक्टिव्ह नकाशा करायला आता इंजिनिअर लागत नाही. गूगलचे 'माय मॅप्स' फुकट आहे आणि नववीतली मुलगी तासाभरात शिकते. आम्ही आमच्या शाळेपुरते करून पाहिले. पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या पुष्कळ उर्दू शाळा सातवी-आठवीला संपतात, आमचीही तशीच. पुढच्या वर्गाची शाळा कुठे कुठे आहे ते हिरव्या खुणांनी दाखवले. शाळा सुटलेल्या मुली कोणत्या मोहल्ल्यातल्या, ते लाल खुणांनी. एकीचेही नाव नाही, घर नाही, फक्त मोहल्ला. ही काळजी घ्याच. आपल्या मुलींचा पत्ता नकाशावर टाकून तो व्हॉट्सअॅपवर फिरवणे म्हणजे आपणच आपले नुकसान करणे. मग चालत जायचा खरा रस्ता बोटाने आखला.

आम्हाला वाटले होते, लाल खुणा सगळ्यात गरीब गल्लीत जास्त असतील. तसे निघाले नाही. त्या महामार्गाच्या पलीकडे दाटल्या होत्या. सरळ रेषेत शाळा जवळ, पण रस्ता ओलांडायला पूल नाही, आणि संध्याकाळी पाचला त्या ट्रकांमधून मुलीला येऊ द्यायला कुठलीच अम्मी तयार नाही. इतकी वर्षे आम्ही बैठकांमध्ये पालकांना तालीमचे महत्त्व समजावत होतो. त्यांना ते आमच्याइतकेच ठाऊक होते.

पादचारी पुलाची आणि नववीच्या वर्गाची मागणी असे दोन अर्ज दिले आहेत, दोन्हींना नकाशाची रंगीत प्रत जोडून. पुलाच्या अर्जावर पोच मिळाली. वर्गाच्या अर्जावर उत्तर यायचे आहे.