नवा फेंडर, जुनी गाडी

पावसाळा सरता सरता आमच्या भाच्याने वॅगनआर फाटकातून आत घेताना चिऱ्याच्या खांबाला भिडवली. डाव्या बाजूचा पुढचा फेंडर घडी पडून फाटला. गॅरेजवाल्याचा आकडा ऐकून भाचा गप्प झाला आणि आम्हीही. त्याला नुकतीच नोकरी लागलेली, भरपाई मीच करणार म्हणून हटून बसलेला. शेवटी ठरले, की फेंडर बाजारातून आणायचा आणि दिवाळीच्या सुट्टीत अंगणातच रंगवायचा. पुढचा फेंडर वेल्डिंगने नव्हे, बोल्टवर बसतो, म्हणून हे धाडस.

बाजारात मिळणारा नवा फेंडर काळा असतो. हा काळा रंग दोन प्रकारचा असू शकतो आणि सगळे पुढचे काम त्यावर ठरते. चांगल्या भागावर कारखान्यात बुडवून, विजेच्या साहाय्याने चढवलेला पक्का थर असतो. स्वस्त भागावर कधी कधी नुसता गंज लागू नये म्हणून मारलेला कच्चा रंग असतो. ओळखायचे कसे? आतल्या बाजूच्या कोपऱ्यावर थिनरचा फडका घासावा. फडका काळा झाला, रंग मऊ पडला, तर तो सगळा काढून पत्र्यापासून सुरुवात करावी लागते. आमचा फडका जवळजवळ स्वच्छ निघाला. मग तो थर काढायचा नाही, फक्त त्याची चमक मारायची.

त्याआधी एक काम केले, ते बरे झाले. फेंडर तसाच काळा गाडीवर बसवून पाहिला. दरवाजाजवळची फट वर बारीक, खाली रुंद होती. बोल्ट सैल करून, सरकवून ती सारखी केली. रंगवल्यावर हे करायला गेलो असतो, तर कडेचे टवके उडाले असते.

मग घासकाम. आधी साबणपाणी, मग तेलकटपणा काढणारे द्रावण. एका फडक्याने लावायचे आणि वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचे, नाही तर तेल तिथेच पसरते. त्यानंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर. बोटांनी घासले, तर बोटांच्या रेघा उमटतात, म्हणून सपाट भागाला रबराचा ठोकळा घ्यावा. कडा मात्र हलक्या हाताने. तिथे पत्रा लगेच उघडा पडतो आणि उघड्या पत्र्यावर कोकणातली हवा वाट पाहत नाही. आमच्या वर्गातली मुले फळा पुसतात तसे भाचा घासत होता, मध्ये चकाचक आणि कोपरे तसेच. डोळे मिटून तळवा फिरव म्हटले, तेव्हा त्याला खडबडीत जागा सापडू लागल्या.

खरा वाद पुढे झाला. भाच्याने दुकानातून रंग, क्लिअर कोट आणि हार्डनर, सगळे आणायचे ठरवले होते. कॉम्प्रेसर मित्राचा, मास्क औषधाच्या दुकानातला. रंगाचा कोड जुळवायला आम्ही बाजारातल्या एका बुजुर्ग पेंटरकडे गेलो. त्यांना सगळे उस्तादच म्हणतात. त्यांनी यादी वाचली आणि विचारले, “मास्तर, घरात कोणाला दमा आहे का?”

आमच्या धाकट्या मुलीला आहे. तिचा पंप दप्तरात असतो.

उस्तादांनी हार्डनरवर बोट ठेवले. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. स्प्रे गनमधून त्याचे धुके होते. वास जाणवण्याआधीच ते छातीत गेलेले असते आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. चांगल्या माणसालाही त्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा धुक्यानेही उसळतो. १९८४ साली भोपाळमध्ये सुटलेला वायू याच कुळातला. हार्डनरमधले रसायन ते नव्हे, पण नातलग खरे. उस्ताद स्वतः कितीतरी वर्षे तोंडाला रुमाल बांधून स्प्रे मारत होते. आता डॉक्टरांनी गन हातात धरायला मनाई केली आहे, ते फक्त रंग जुळवतात. त्यांची पोरे बंद खोलीत, नळीने बाहेरची ताजी हवा येणारा टोप घालून काम करतात. हे सांगताना ते दोनदा खोकायला थांबले.

भाचा घरी येताना बोलला नाही. एक तर पैसे त्याचे, आणि सगळे स्वतः करायची हौसही त्याचीच. रात्री म्हणाला, “मामू, हार्डनर नसलेला प्रायमर तरी मीच मारतो.” त्याला आम्ही हो म्हटले. तो प्रायमर जरा कच्चा, हळू वाळणारा, पण त्यात ते विष नाही. थिनर मात्र असतोच, म्हणून मुलीला त्या दिवशी नानीकडे पाठवले आणि काम अंगणात, चुलीपासून दूर केले.

दव वाळल्यावर, अकराच्या सुमारास पहिला हात मारला. काही क्षणांत जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उमटले. आदल्या दिवशी त्याच जागी भाच्याने गाडीच्या डॅशबोर्डला चकाकी आणणारा फवारा मारला होता. त्यातल्या सिलिकॉनवर रंग टिकत नाही. वाळवून, घासून, पुन्हा दोनदा पुसून सुरुवातीपासून केले. दुसऱ्या वेळी जमले. मग ६०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, हलक्या हाताने.

प्रायमरचा फेंडर बसवून गाडी उस्तादांकडे नेली. आमचा रंग चंदेरी मेटॅलिक. यात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. गन जवळ की दूर, रंग ओला की कोरडा पडला, यावर ते वेगळे बसतात आणि तोच कोड असूनही छटा बदलते. म्हणून उस्तादांनी आधी पुठ्ठ्यावर नमुना मारून उन्हात आणि सावलीत पाहिला आणि रंग थोडासा दरवाजावरही विरत नेला. क्लिअर कोट पूर्ण दरवाजावर. खर्च आमच्या अंदाजापेक्षा वाढला, गॅरेजच्या आकड्याच्या निम्म्याहून कमीच राहिला.

संध्याकाळी दिव्यात काही कळेना. सकाळच्या तिरप्या उन्हात मुलीनेच शोधले, “भाईजान, इथे जरासं वेगळं दिसतंय.” दिसते खरे. भाचा वॅक्सचा डबा घेऊनच उभा होता, पण उस्तादांनी महिनाभर वॅक्स लावू नका म्हणून बजावले आहे. आत राहिलेला थिनर उडायला तेवढा वेळ लागतो. त्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करून ठेवला आहे.