धर्म, विज्ञान आणि आठ कलांचा फरक

धर्म आणि विज्ञान यांचे कधी पटलेच नाही, असे आपण सभेत ऐकतो आणि घरी मुलांनाही सांगतो. उदाहरण ठरलेले असते, गॅलिलिओचे. १६३३ साली रोमच्या धर्मन्यायालयाने या वृद्ध शास्त्रज्ञाला गुडघे टेकायला लावले, पृथ्वी फिरते हे मत सोडल्याचे वदवून घेतले आणि मरेपर्यंत नजरकैदेत ठेवले. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी समजण्यासाठी गॅलिलिओच्याच काळातल्या योहान्स केप्लरकडे पाहिले पाहिजे.

केप्लर १५७१ साली जर्मनीत, ओढगस्तीच्या घरात जन्मला. बाप भाडोत्री शिपाई. तो घर सोडून गेला तो परत आलाच नाही. लहानपणी देवी आल्या, त्यात पोराची नजर अधू झाली. शिष्यवृत्तीवर तो शिकला, आणि शिकला ते धर्मशास्त्र. त्याला ल्यूथरपंथी धर्मोपदेशक व्हायचे होते. पण शिक्षण पुरे होण्याआधीच, १५९४ साली, त्याला ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ गावी गणिताचा मास्तर म्हणून पाठवण्यात आले.

तेथे त्याची श्रद्धा सुटली नाही. उलट तिनेच त्याला आकाशाकडे नेले. ईश्वराने जग भूमितीच्या नियमाने रचले आहे आणि तो नियम शोधणे हीच ईश्वराची सेवा, असे तो मानी. कोपर्निकसही चर्चच्याच सेवेत होता. न्यूटनने तर धर्मग्रंथांवर ढीगभर लिहून ठेवले. तेव्हा विज्ञानाच्या जन्माशी धर्माचा काही संबंधच नाही, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

मात्र ध्यानात घ्यावे, श्रद्धेने प्रश्न दिला, उत्तर दिले नाही. केप्लरचे पहिले उत्तर साफ चुकले होते. पाच भौमितिक आकार एकात एक बसवून ईश्वराने ग्रहांची अंतरे ठरवली, असे त्याने १५९६ साली मोठ्या भक्तिभावाने लिहिले होते!

पुढे प्रागमध्ये टायको ब्राहे याच्या मंगळाच्या नोंदी त्याच्या हाती आल्या. केप्लरने वर्षानुवर्षे आकडेमोड केली. शेवटी गणित आणि नोंद यांत फरक उरला तो आठ कलांचा. एका अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण तीस कलांचा दिसतो, म्हणजे हा फरक चंद्राच्या जेमतेम पाव भागाएवढा. दुसरा कोणी 'चालायचेच' म्हणाला असता. केप्लरने ते चालवून घेतले नाही. ग्रह वर्तुळातच फिरतात ही सुमारे दोन हजार वर्षांची समजूत त्याने सोडली आणि १६०९ साली जाहीर केले की, मंगळ लंबवर्तुळात फिरतो.

अशा माणसाला धर्मपीठांनी काय दिले? कॅथलिक होत नाही म्हणून ग्राट्झमधून हाकलले. पुढे लिन्झमध्ये स्वतःच्या ल्यूथरपंथाच्या धर्मगुरूने त्याला प्रभुभोजनाच्या पंगतीतून बाहेर ठेवले. कारण पंथाच्या मतपत्रावर तो डोळे मिटून सही करीना. १६१५ साली त्याच्या आईवर चेटकीण असल्याचा आळ आला. तिच्या हातचे पेय पिऊन मी आजारी पडले, असे एका बाईचे म्हणणे. सत्तरी ओलांडलेल्या कॅथरीनाला चौदा महिने कैदेत ठेवले, छळाची हत्यारे दाखवून धमकावले. म्हातारीने कबुली दिली नाही ती नाहीच. केप्लर कामधंदा सोडून तिच्या बाजूने उभा राहिला. आजार चेटकाने नव्हे, नैसर्गिक कारणाने होतात, हे त्याने मुद्देसूद मांडले. १६२१ साली ती सुटली, पण पुढच्याच वर्षी वारली.

आता आणखी एक नवल पाहा. ईस्टर सणाची तारीख बरोबर यावी म्हणून चर्चला सूर्याच्या गतीचे अचूक मोजमाप हवे होते. म्हणून पोपच्या राज्यातल्या बोलोन्या गावी, सान पेत्रोनिओ चर्चच्या छताला भोक पाडून, जमिनीवर आखलेल्या लांब रेघेवर सूर्याचे बिंब पाडत. १६५५ साली कॅसिनीने तेथे नवी रेघ आखून बिंबाची मापे घेतली. ती कोणाच्या हिशेबाशी जुळली? केप्लरच्या! ज्या चर्चने गॅलिलिओला गप्प केले, त्याच चर्चच्या फरशीवर बावीस वर्षांनी ही साक्ष उमटली.

मग यातून घ्यायचे काय? माणूस धार्मिक आहे की नाही, यावर विज्ञान अडले नाही. ते अडले 'आता पुढे विचारू नका' या हुकुमावर, आणि पुढे गेले ते आपल्या लाडक्या समजुतीपेक्षा आठ कलांना मोठे मानल्यामुळे.

धर्म हा विज्ञानाशी, म्हणजेच बुद्धीशी, सुसंगत असला पाहिजे, असे बाबासाहेबांनी १९५० सालच्या आपल्या लेखात बजावले होते. ही कसोटी दुसऱ्याच्या धर्माला लावणे सोपे असते. ती आधी आपल्या घरात लावावी. आपले पोर 'हे कशावरून?' असे विचारील, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर तसे सांगा, आणि त्याच्याबरोबर शोधायला बसा.