मातीचा हिशेब आपणच मांडू या

जागतिक तापमानवाढीचा विषय निघाला की भारत आणि चीन यांच्या शेतीकडे बोट दाखवले जाते. दोन देशांच्या जमिनींतून किती हरितगृह वायू निघतात याची तुलना करायला आमची हरकत नाही. मात्र तुलनेचे माप दुसऱ्याने ठरवावे आणि आपण मान डोलवावी, हे आम्हाला मान्य नाही.

१९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने भारतातील भातखाचरांतून वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन निघतो, असा अंदाज केला होता. त्याचा आधार युरोप-अमेरिकेतील मोजमापांचा होता. १९९१ मध्ये डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली आपल्या शास्त्रज्ञांनी आपल्याच खाचरांत मोजणी केली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन! त्याच वर्षी अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी जगाला बजावले की पोटासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच तराजूत तोलता येणार नाही.

हा विजय खराच. पण त्याची उशी करून झोपणे बरे नव्हे. मिथेनखेरीज दुसरा वायू आहे नायट्रस ऑक्साइड. पिकाने न घेतलेल्या नत्रातून जमिनीतले जिवाणू तो तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक आहे. टाकलेल्या नत्रापैकी एक टक्का नत्र या वायूच्या रूपाने जाते, असे आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण प्रमाण धरले तर युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीमागे सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेत जातो.

आता चीनकडे पाहा. दर हेक्टरी रासायनिक खत तिथे आजही आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त पडते. म्हणून 'आम्ही बरे' असे म्हणण्याचा मोह होतो. पण २०१५ मध्ये चीनने खतांची वाढ थांबवण्याचा कार्यक्रम आखला आणि २०२० पर्यंत वापर सुमारे ६ कोटी टनांवरून सव्वापाच कोटी टनांवर आणला. आपणही २०१५ पासून सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप दिला, २०१८ मध्ये गोणी ५० ची ४५ किलोंची केली. तरीही युरियाचा खप २०१४-१५ मधील सुमारे ३०६ लाख टनांवरून २०२२-२३ मध्ये ३५७ लाख टनांवर गेला. आज ते जास्त टाकतात हे खरे, पण त्यांचा आलेख उतरतो आहे आणि आपला चढतो आहे.

दोष शेतकऱ्याचा नाही. २०१० मध्ये इतर खतांच्या अनुदानाची पद्धत बदलली, युरिया मात्र तसाच स्वस्त ठेवला गेला. जे स्वस्त ते माणूस हात सैल सोडून वापरणारच.

आपल्यापैकी कित्येक घरांची जमीन आजही माळव्यात वा बेळगाव भागात आहे. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाचे पाणी साचले की युरियातले नत्र वायू होऊन उडते. म्हणजे पैसाही गेला आणि हवाही तापली. सोयाबीन तर आपले बरेचसे नत्र मुळांवरच्या गाठींतून स्वतःच मिळवते. उसाला पाटाने भरमसाट पाणी आणि त्यावर युरियाची मूठ, हेही तसेच.

आमचे म्हणणे एवढेच: अनुदानाची रक्कम कमी न करता ती गोणीवर न देता एकराप्रमाणे थेट शेतकऱ्याच्या हाती द्यावी आणि तालुक्याच्या माती परीक्षण केंद्रांना माणसे व साधने द्यावीत. मते मागायला दारी येणाऱ्यांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, हा प्रश्न जरूर विचारावा. आणि तोवर ज्यांची शेती आहे त्यांनी यंदा पेरणीपूर्वी माती तपासून घ्यावी व खत हप्त्याहप्त्याने द्यावे. परक्याने चुकीचा आकडा मांडला तेव्हा आपण मोजून उत्तर दिले होते. आता आपलाच खरा आकडा वाढतो आहे, तर त्याचेही उत्तर आपणच द्यायला हवे.