बर्फावरचा गुरू कोण?



जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कानोता नावाचे गाव आहे. तेथे राहणाऱ्या एका मराठी भगिनीचे पत्र या वेळी आमच्यापुढे आहे. येत्या फेब्रुवारीत हे कुटुंब सहा दिवसांसाठी गुलमर्गला जाणार आहे. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. दोघांनी आजवर बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. यजमानांनी विद्यार्थिदशेत मनालीला स्कीइंगचा अभ्यासक्रम पुरा केला होता. म्हणून "मुलांना मीच शिकवीन, शिक्षकावर पैसे कशाला घालवायचे?" असे त्यांचे म्हणणे आहे. भगिनींचे मन मात्र घेत नाही.

आमचे मत भगिनींच्या बाजूने आहे, आणि त्याला पहिला दाखला त्यांच्याच गावचा आहे. कानोत्याचे अमरसिंह हे 1898 पासून 1942 पर्यंत अखंड लिहिलेल्या रोजनिशीमुळे प्रसिद्ध आहेत. त्यांना बालपणीच जोधपुरास सर प्रतापसिंह यांच्या हाताखाली धाडण्यात आले. घोडेस्वारी व पोलो यांचे त्यांचे शिक्षण तेथे झाले. ठाकुरांच्या घरी घोड्यांची आणि स्वारांची काय वाण असणार! तरीही मूल परक्या गुरूच्या स्वाधीन केले गेले. वडिलांस येत नव्हते म्हणून नव्हे. पित्याची माया आणि गुरूची शिस्त एकाच माणसाने सांभाळणे कठीण असते म्हणून, असे आम्हांस वाटते.

यावर यजमान म्हणतील, "मग आरिफ खानचे काय?" प्रश्न रास्त आहे. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान हा गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्ग भागातला. स्कीच्या साहित्याचे दुकान चालविणाऱ्या वडिलांनीच त्याला वयाच्या चौथ्या वर्षी बर्फावर उभे केले. 2018 मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळविणाऱ्या मनालीच्या आंचल ठाकूरलाही घरातूनच हा वारसा मिळाला. परंतु ही घरे बर्फातच नांदणारी. तेथे आज जमले नाही तर उद्या, या हिवाळ्यात नाही तर पुढच्या. आपल्या हाती दिवस सहा. त्यांतला एक प्रवासाच्या शिणात आणि विरळ हवेची सवय होण्यात जाणार, कारण गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. उरलेल्या पाचांत पित्याच्या चुका सुधारीत बसण्यास सवड कोठून आणावी?

आणि चुका होतात. प्रेमळ पिता मुलाला मागून काखेत धरून उतारावर सोडतो. मूल त्या आधारावर मागे रेलते व भार टाचांवर जातो. स्कीचा ताबा मात्र पुढे झुकलेल्या नडग्यांनी राहतो. भार मागे गेला की त्या फळ्या मुलाच्या पायांखालून पळू लागतात. एकदा अंगवळणी पडलेले हे मागे रेलणे सुटता सुटत नाही. दुसरे असे की, आपटल्यावर मूल आधी आईबापांच्या तोंडाकडे पाहते. तेथे धास्ती दिसली की रडू कोसळते. शिक्षकाच्या तोंडावर धास्ती नसते. त्याने असे पडणे हजार वेळा पाहिलेले असते.

जाणता शिक्षक पहिल्या दिवशी काय करतो, ते सांगितले म्हणजे पैसे कशाचे, हे यजमानांच्या ध्यानी येईल. तो मुलाला आधी एकाच पायात स्की घालून सपाटीवर चालावयास लावतो. मग दोन्ही घालून, उताराला आडवे राहून, जिना चढल्यासारखे बाजूबाजूने चढावयास शिकवितो. नंतर पडावयास शिकवितो: पडायचे ते कुशीवर, बसल्यासारखे, उताराच्या वरच्या अंगाला, आणि उठण्यापूर्वी स्की उताराला आडव्या करावयाच्या. मगच येते ती घसरण, आणि तीही थांबण्याच्या युक्तीसकट. स्कींची पुढची टोके जवळ, मागची टोके दूर, आणि आतल्या कडांवर भार. की वेग मरतो. इंग्रजीत हिला बर्फाचा नांगर म्हणतात. हल्लीचे शिक्षक मुलांना सांगतात, "पिझ्झाचा तुकडा करा." आम्ही म्हणू, भाकरीचा चतकोर करा. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील सांक्ट आंटोन येथे हानेस श्नायडर यांनी हा नांगर आणि त्यापुढची वळणे पायरीपायरीने शिकविणारी शाळा नावारूपास आणली. आजच्या बहुतेक स्की-शाळांचे वळण तेथूनच आलेले आहे. थांबता आल्याशिवाय वर न्यावयाचे नाही, हा त्यातला गाभा. उत्साही वडील नेमकी हीच पायरी गाळतात, कारण त्यांना मुलाला वरून धावत येताना पाहावयाचे असते!

गुलमर्गला भारत सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व पर्वतारोहण संस्था 1968 पासून आहे. अशा संस्थांचे वर्ग ठरलेल्या तारखांना असतात व वयाचीही अट असते. म्हणून आधी पत्र घालून विचारावे. तेथे जमले नाही तर खाजगी शिक्षक मिळतात. परंतु रस्त्यावर हात धरणाऱ्या पहिल्याच माणसाबरोबर जाऊ नये. शिक्षण कोठे झाले, प्रमाणपत्र आहे काय, एका वेळी किती मुले घेता, हे तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. सहा वर्षांच्या मुलासाठी तीनचार मुलांहून मोठी तुकडी आम्हांस पसंत नाही. सकाळचे दोन तास पुरेत. दुपारी पाय थकतात, लक्ष उडते, आणि "आता शेवटची एकच" म्हणून मारलेली घसरण अंगाशी येते.

साहित्य भाड्याने मिळते. त्यात एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. बूट व स्की यांना जोडणारा जो खटका असतो, तो मूल वेडेवाकडे पडताच सुटला पाहिजे, नाहीतर लांब फळी गुडघा पिरगाळते. त्याची जुळणी मुलाचे वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी पाहून करतात. दुकानदाराने यांपैकी काहीच विचारले नाही तर दुसरे दुकान गाठावे. नवशिक्याची स्की उभी धरली असता छाती ते हनुवटी यांच्या दरम्यान यावी. हेल्मेट हवेच. मोजे एकच जोड, लांब व बिनसुरकुतीचे. ऊब म्हणून दोन घातले की पाय आवळला जाऊन उलट गारठतो. काळा चष्मा ही चैन समजू नये. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवितो, त्यामुळे डोळे व गाल खालूनही भाजतात. खिशात खजूर किंवा चिक्की असावी.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 1967 मध्ये आचरणाचे नियम घालून दिले. त्यांतले दोन दहा वर्षांच्या मुलीला सहज पाठ होतील: वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळावयाचे, आणि थांबावयाचे ते उताराच्या कडेला, मधोमध नाही.

यजमानांसाठी एक अधिक कडक सूचना आहे. गुलमर्गची गंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवटवर जवळजवळ 4,000 मीटरपर्यंत नेते. नवशिक्या मुलांना स्की घेऊन तेथे नेऊ नये, आणि स्वतःची जुनी विद्या आजमावण्यासाठी आखलेल्या उतारांबाहेरही जाऊ नये. 2023 व 2024 या दोन्ही वर्षी फेब्रुवारीत त्या परिसरात हिमस्खलन होऊन परदेशी स्कीपटूंचे प्राण गेले आहेत.

मग मुले शिकत असताना आईवडिलांनी काय करावे? कुंपणाशी उभे राहून सूचना देऊ नयेत, आणि भ्रमणध्वनीवर दर घसरणीचे चित्रीकरणही करू नये. त्याच दोन तासांत आपणही दुसऱ्या शिक्षकाकडे धडा घ्यावा. यजमानांच्या विद्येवरचा गंज उतरेल, आणि भगिनींनी तर अवश्य शिकावे. या वयात पडण्यास लाजण्याचे कारण नाही. दुपारी जेवताना मुलगी जेव्हा विचारील, "आई, तू किती वेळा पडलीस?" तेव्हा सांगण्यास आपल्याजवळही आकडा असेल.

धाकट्याने दुसऱ्या दिवशी नाही म्हटले तर त्यास ओढू नये. घसरगाडीवर बसवावे, बर्फाचा माणूस करू द्यावा. ताईचा चतकोर जमलेला पाहून तो पुष्कळदा तिसऱ्या दिवशी आपण होऊन बूट मागतो. नाही मागितले तर पुढच्या वर्षी.

राहिला हंगामाचा प्रश्न. 2024 च्या जानेवारीत महिना सरत येईपर्यंत गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते, आणि 2025 मध्ये बर्फाअभावी तेथील हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. तेव्हा तारीख बदलता येईल अशा बोलीनेच खोल्या घ्याव्यात, आणि निघण्यापूर्वी तेथील बर्फाची खबर शिक्षकालाच विचारावी, हॉटेलवाल्याला नव्हे.