समुद्रातली तिफण

लातूरहून जवळात जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या वर पडतो. नांदेडहून आणखी लांब. २०१६ च्या उन्हाळ्यात याच लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखातल्या पोराने सर्फबोर्डाच्या फिनवर लेख लिहायचा म्हणजे ‘घरात नाही दाणा अन् मला हवालदार म्हणा’, असं कुणी म्हणालं तर नवल नाही. घरचे म्हणालेच.

तरी लिहितोय, कारण मला भांडायचंय. आपल्याकडे ‘प्रयोग’ या शब्दाचं जे काही करून ठेवलंय, त्याच्याशी भांडायचंय. माझं गाव औसा तालुक्यातलं, अकरावी-बारावी लातूरला, इंजिनिअरिंग नांदेडला, नोकरी पुण्यात. या सगळ्यात वहीत लिहिलेल्या ‘प्रयोगां’ची मोजदाद नाही. पण प्रयोग कसा करतात, हे समजलं गोव्याच्या किनाऱ्यावर, एका सेकंडहँड बोर्डाच्या तळाला बसवलेल्या तीन प्लास्टिकच्या पात्यांमुळे. याचा मला राग येतो. तो तुम्हालाही यावा असं वाटतं.

आधी फिन म्हणजे काय ते सांगतो. सर्फबोर्ड लाटेच्या उतारावरून सरळ खाली येत नाही, तिरका धावतो. तळ गुळगुळीत असेल तर त्याची शेपूट बाजूला घसरते आणि तुम्ही पाण्यात. शेपटीखाली उभं पातं असलं की ते पाण्याला कोन करून धरतं, पाणी त्याला उलट ढकलतं आणि त्या जोरावर बोर्ड वळतो. ते पातं म्हणजे फिन. किती असाव्यात, केवढ्या, किती अंतरावर, किती तिरक्या, याची उत्तरं कुणी गणित मांडून आधी काढली नाहीत. लोकांनी बोर्डाखाली काहीबाही लावून बघितलं.

१९३५ साली हवाईत टॉम ब्लेकने कुणीतरी टाकून दिलेल्या स्पीडबोटची धातूची पट्टी काढून बोर्डाखाली बसवली. तोवर लोक मागचा पाय पाण्यात घालून बोर्ड वळवायचे. ब्लेकची पट्टी बघून सगळे लगेच तिच्यामागे धावले असंही नाही. ती सर्रास व्हायला बरीच वर्षं गेली. पुढे जॉर्ज ग्रीनो नावाच्या अवलियाने ट्यूना माशाची शेपटी निरखून लवचिक, मागे झुकलेली फिन बनवली. १९६६ च्या जागतिक स्पर्धेत नॅट यंग त्याच घाटाच्या फिनवर जिंकला.

१९८० च्या सुमारास दोन फिनच्या बोर्डाचं राज्य होतं. मार्क रिचर्ड्स त्यावर ओळीने चार वर्षं जगज्जेता झाला. पण ऑस्ट्रेलियाच्याच सायमन अँडरसनच्या पायाखाली तो बोर्ड टिकेना. हा माणूस उंच, वजनदार आणि बोर्ड बनवणारा कारागीर. एका ओळखीच्याच्या बोर्डावर दोन फिनच्या मागे अर्धचंद्रासारखी इवलीशी तिसरी फिन त्याला दिसली. त्याने ती तिसरी फिन इतर दोघींएवढीच मोठी करून लावली. १९८१ मध्ये त्याच बोर्डावर त्याने बेल्स बीचची स्पर्धा मारली, आणि पुढेही त्या वर्षी मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पेटंट घेतलं नाही. आज छोट्या बोर्डांमध्ये सर्वाधिक दिसते ती हीच तीन फिनची रचना. आज जे ‘स्टँडर्ड’ म्हणून दुकानात मिळतं, ते एके काळी एका अडलेल्या माणसाचं विचित्र खूळ होतं.

तीन फिनचा बोर्ड पहिल्यांदा उलटा करून बघितला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “अरे, ही तर तिफण!” फण आणि फिन यांचा उच्चार जुळतो हा योगायोग. कामही वेगळं, फण माती उकरतो, फिन पाणी धरते. पण प्रश्न तेच आहेत. फण किती, दोन फणांत अंतर किती, कोन किती?

आमचे आबा, म्हणजे आजोबा, या प्रश्नांची उत्तरं पीक बघून, माती बघून बदलायचे. दुफण, तिफण, चौफण ही नावंच सांगतात की एकच अवजार सगळीकडे चालत नाही. आबा आणि गावचा सुतार दिंडाला नवी भोकं पाडायची की जुन्याच भोकांत फण बसवायचे यावर अर्धा दिवस वाद घालायचे. मग बांधाकडेच्या चार तासांत पेरून बघायचे. चाड्यावर मूठ धरणारी आजी सांगायची, बी कुठल्या नळ्यातून नीट पडतंय आणि कुठं अडकतंय. या तिघांपैकी कुणी प्रयोगशाळा पाहिली नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी शेत आहे तसं ठेवायचं, आणि फरक दिसला नाही तर तसं म्हणायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

आता त्याच घरातला नातू लातूरच्या प्रयोगशाळेत बघा. साधा लंबक हलवून गुरुत्वीय त्वरण काढायचंय. पुस्तकात ९.८ आहे. वर्गातल्या सगळ्यांच्या वहीत ९.८ येतो. दोऱ्याची लांबी वेगळी, स्टॉपवॉच दाबणारे अंगठे वेगळे, तरी उत्तर एकच! कारण आकडे उत्तराकडून उलटे चालत येतात. माझा ९.४ आला होता. सरांनी लाल पेनाने तो खोडला, बाजूला ९.८ लिहिलं आणि म्हणाले, “ह्याच्यात टाइम घालू नको, एमसीक्यू कर.” ९.४ का आला, हे शोधायला दहा मिनिटं लागली असती. त्या दोन वर्षांत मला भेटलेला तो एकमेव खरा भौतिकशास्त्राचा प्रश्न होता.

लातूर पॅटर्नला सरसकट शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. दुष्काळी भागातल्या, घरात पहिल्यांदा कॉलेज बघणाऱ्या हजारो पोरापोरींना या शिस्तीने मेडिकल-इंजिनिअरिंगच्या दारात उभं केलं. ट्यूशन एरियातल्या त्या गल्ल्यांनी कितीतरी घरांचं नशीब पालटलं. पण त्याची किंमतही सांगितली पाहिजे. नीटमध्ये बरोबर उत्तराला अधिक चार, चुकीच्याला वजा एक. सोडून दिलं तर शून्य. परीक्षा म्हणून हे ठीक असेल. पण सोळाव्या-सतराव्या वर्षी दोन-दोन वर्षं, रिपीटर असाल तर तीन-तीन वर्षं, रोज हेच गिरवलं की ते मनाचं व्याकरण होतं. माहीत नसेल तर हात लावू नको. अंदाज करू नको. चुकलास तर होतं तेही जाईल. या हिशोबाने ब्लेकने ती पट्टी उचललीच नसती.

आता माझ्या फिनबद्दल. नांदेडच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात मी सहा मिलिमीटर अॅक्रिलिकमधून एक मधली फिन कापून घेतली. बैलाच्या शिंगासारखी मागे झुकलेली, मूळच्या फिनपेक्षा उंच. काकांनी कडांना कानस मारता मारता विचारलं, “इंजिनिअर साहेब, हे लावायचं कशाला?” मी सांगितलं, समुद्रात. ते म्हणाले, “आधी गोदावरीत लावून बघा.”

गोव्यात ती लावली आणि बोर्ड लोण्यासारखा वळतोय असं वाटलं. पण मी नवशिका. लाट रोज वेगळी, भरती-ओहोटी वेगळी, आणि माझे पाय तर दर मिनिटाला वेगळे. शिवाय फिन मीच बनवलेली, म्हणजे आपलं ते बाळ्या! हा गुण फिनचा की कौतुकाचा, हे कसं ठरवायचं? सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जे करतो तेच केलं. मित्र फासा टाकायचा. एक-दोन पडलं तर मूळची प्लास्टिकची फिन, तीन-चारला अॅक्रिलिकची, पाच-सहाला मधली फिनच नाही. बोर्ड तोच कमरेइतक्या पाण्यापर्यंत न्यायचा, मी तळ बघायचा नाही. पाच लाटा घ्यायच्या आणि सांगायचं, खाली काय आहे. चार दिवसांत अशा बारा फेऱ्या झाल्या.

मधली फिन नव्हती त्या चारही फेऱ्या मी बरोबर ओळखल्या. शेपूट सुटल्यासारखी घसरते, ते लपत नाही. उरलेल्या आठांपैकी चार बरोबर आल्या, चार चुकल्या. म्हणजे अॅक्रिलिक की प्लास्टिक, हे मी नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढंच जमलं असतं. निकाल असा की माझ्या सध्याच्या तयारीला त्या शिंगाने काहीही फरक पडत नाही. हा निकाल मला प्रचंड आवडला. लोण्यासारखं वाटणं कुठून आलं होतं, तेही कळलं. हाच निकाल जर्नलमध्ये लिहिला असता तर शेरा आला असता, ‘रिपीट’.

फरक पडला नाही, हेही उत्तर असतं. ते थोरामोठ्यांनाही मिळालेलं आहे. १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया २’ या शिडाच्या बोटीने अमेरिका कप जिंकला आणि न्यूयॉर्क यॉट क्लबची १३२ वर्षांची मक्तेदारी मोडली. तिच्या तळाला पंख असलेली कील होती, बेन लेक्सेनची. त्याच लेक्सेनने पुढे चेन होरान या सर्फरसाठी पंखवाली फिन बनवली. बोटीखाली इतिहास घडवणारी कल्पना सर्फबोर्डाखाली रुजली नाही. त्यामुळे लेक्सेन छोटा झाला नाही. एका पाण्यातलं उत्तर दुसऱ्या पाण्यात जसंच्या तसं चालत नाही, एवढं सगळ्यांना कळलं.

इथे कुणीतरी म्हणेल, आपल्याकडे जुगाड आहे की! व्हॉट्सअॅपवर रोज एक व्हिडिओ येतो, मोटारसायकलच्या इंजिनावर कोळपं, खाली हसणारे इमोजी. मला या कौतुकाचाच जास्त राग येतो. जुगाड चाललं की माणूस थांबतो, कारण त्याला पुढचं काम असतं. का चाललं, कधी चालणार नाही, हे विचारायला त्याला वेळ, वही आणि सोबत लागते. ती द्यायची ज्यांची जबाबदारी आहे ते व्हिडिओ फॉरवर्ड करून मोकळे होतात. अँडरसनने तिसरी फिन लावली तिथे तो थांबला असता तर तेही जुगाडच राहिलं असतं. तो ती घेऊन जगातल्या सर्वोत्तम लोकांसमोर, मोठ्या लाटांत उतरला.

सर्वांत खरा आक्षेप वेगळा आहे. हे पगार सुरू झाल्यावर सुचतं, पोट भरलेल्यांचे चोचले! मृगाच्या पेरणीला एकच संधी असते. ती फसली तर मराठवाड्यात काय होतं, हे मी लिहायची गरज नाही. मान्य. म्हणूनच म्हणतो, चूक परवडेल अशी सोय करणं हे प्रयोगाचं अर्धं काम आहे. फिनचाच इतिहास बघा. पूर्वी फिन फायबरग्लासने बोर्डालाच जोडलेली असायची. बदलायची तर बोर्ड कापा. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून फिन काढता-घालता येतील अशा खोबणी आल्या आणि प्रयोगाची किंमत एका बोर्डावरून एका स्क्रूवर आली. बदल्यात काहीतरी गेलंही. खोबणीची जागा कारखान्यात ठरलेली. फिन बदलता येते, तिची जागा नाही. कुठला प्रश्न स्वस्त करायचा आणि कुठला बंद करायचा, हे बनवणारा ठरवतो. आम्ही सॉफ्टवेअरवालेही हेच करत असतो.

शेतातही हेच. काळ्या मातीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये १९७० च्या दशकात विकसित झाली. चांगली आहे, पण त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. आमच्याकडच्या कित्येक सोयाबीनवाल्यांनी आहे त्याच पेरणी यंत्राच्या एका दात्याच्या छिद्रात बोळा कोंबला. तेवढी ओळ रिकामी राहिली, तिथे सरी पाडली. जास्तीचं पाणी निघून जातं, फवारणीला चालायला वाट मिळते. तिला पट्टापेर म्हणतात. प्रयोगाचा खर्च एक चिंधी. नाही जमलं तर बोळा काढायचा. गरिबाला प्रयोग परवडत नाही असं म्हणणाऱ्याने तो बोळा एकदा हातात घेऊन बघावा.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. बारावीच्या भौतिकशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात. ते पुस्तकातल्या उत्तराशी जुळलेल्या आकड्याला देणं बंद करा. आलेला आकडा जसाच्या तसा लिहिणाऱ्याला द्या, आणि तो तसा का आला असेल यावर चार ओळी लिहिणाऱ्याला जास्त द्या. नवी इमारत लागत नाही, निधी लागत नाही. लाल पेन खाली ठेवावं लागतं, एवढंच.

आणि तुम्ही, जे हे बसमध्ये किंवा हॉस्टेलच्या खाटेवर पडून फोनवर वाचताय, तुम्हाला समुद्र लागत नाही. धाकट्या भावाच्या किंवा बहिणीच्या वहीत कधी ९.४ दिसला तर तो खोडू देऊ नका. त्याखाली चार ओळी मोकळ्या सोडायला सांगा. मग दोरा, गोळा आणि घड्याळ घेऊन बसा दोघं, आणि बघा तो कुठून आला.