दुर्बीण घ्यावी तर कोणती?

आपला हात किती हलतो, हे माणसाला दुर्बीण डोळ्यांना लावल्यावाचून कळत नाही. चहाचा कप न सांडता ओठांपर्यंत जातो, फळ्यावर खडूने सरळ रेघ ओढता येते, म्हणून आपण स्वतःला स्थिर समजतो. पण दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण पक्ष्याला जशी दहापट करते, तशी आपल्या हाताच्या थरथरीलाही करते. मग समोरच्या बगळ्याला हिंव भरले आहे की आपल्याला, असा प्रश्न पडतो.

या प्रश्नावर हल्ली दोन उत्तरे मिळतात. त्यांतले कोणते पत्करावे, यावरून आमच्या आजोळी गेल्या थंडीत दिवाळी सरल्यावरही फटाके उडत होते.

सांगलीचे आमचे मामा शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाले. पहाटे कृष्णेच्या काठी जाऊन पाणकावळे, खंड्या आणि नशीब जोरावर असले तर पल्याडच्या वाळूवर पहुडलेली मगर पाहायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. दोन वर्षांपासून मात्र त्यांची जुनी दुर्बीण खुंटीवरच होती. विचारले की म्हणायचे, "अरे, आता पूर्वीसारखे पक्षी राहिले नाहीत." आम्ही माना डोलवायचो. कप बशीवर ठेवताना होणारा आवाज घरात सगळ्यांनाच ऐकू येत होता. पण त्याविषयी कुणी बोलत नव्हते.

मामांच्या पंचाहत्तरीला नवी दुर्बीण द्यायची ठरली, तेव्हा पुण्याचा मामेभाऊ म्हणाला, "बाबांनी जन्मभर काटकसर केली. आता घ्यायची तर झाइस, लायका नाहीतर स्वारोव्हस्की. नातवंडेसुद्धा वापरतील." त्यावर मामेबहीण हळूच म्हणाली, "काच उत्तमच असेल रे दादा, पण चित्र स्थिर ठेवणारी घेऊ या." "म्हणजे बाबांचा हात हलतो म्हणतेस?" दादा एकदम तापला. खरा वाद कशाचा होता, ते तेव्हा माझ्या ध्यानात आले.

दादाचे म्हणणे खोटे नव्हते. जर्मनीतल्या झाइसने १८९४ साली लोलकांची दुर्बीण बाजारात आणली. काचेवर पातळ लेप देऊन तिच्यावरून परतणारा उजेड वाचवण्याची युक्तीही त्याच कारखान्यात १९३५ साली निघाली. आज या घराण्याच्या उत्तम दुर्बिणीत बॅटरी नाही, बटण नाही. पावसाचे पाणी आत शिरत नाही, आत वायू भरलेला असल्याने काचेवर आतून दव धरत नाही. किंमत लाखाच्या पुढे. पण नीट सांभाळली तर पुढच्या पिढीच्या हाती देता येते.

बहिणीच्या मनातली जात अलीकडची. कॅननने १९९५ साली १२×३६ आकड्यांची अशी दुर्बीण काढली. या जातीत हाताची हालचाल ओळखणारी यंत्रणा असते. बटण दाबले की ती आतला लोलक सूक्ष्म तिरका करते आणि हलणारे चित्र जागच्या जागी थांबते. मात्र बॅटरी संपली की ही साधी दुर्बीण होते, आणि विजेचे कोणतेही यंत्र कधीतरी दुरुस्तीला येणारच.

शेवटी ओळखीच्या पक्षिमित्रांकडून दोन्ही जातींची एकेक दुर्बीण दोन रविवारांपुरती मागून आणली. पहिल्या रविवारी आम्ही साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, मायणीच्या तलावावर गेलो. पाणी उघडे, ऊन लख्ख, आणि पक्षी पार पलीकडच्या कडेला. आठपटीच्या किमती दुर्बिणीतून रंग सुरेख दिसत. पण बदके मोजावीत तर ती एकमेकांत मिसळून जात. मामांनी दुसरी दुर्बीण घेतली, बटण दाबले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग ओठांतल्या ओठांत मोजू लागले. एकवीसला थांबून म्हणाले, "पक्षी आहेत तिथेच आहेत की रे!" दादा तलावाकडे पाहत उभा राहिला.

दुसरा रविवार चांदोलीचा. सांगलीच्या शिराळा तालुक्यातून या रानात शिरले की दिवसाही सावली. तिथे पारडे फिरले. दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांपैकी पहिला पट सांगतो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात उतरणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी निघते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, १२×३६ मध्ये तीनच. म्हणून झाडोऱ्यातले शेकरू ८×४२ मधून उजळ दिसले. शिवाय तिचा देखावा ऐसपैस. उडी मारणारे शेकरू चटकन सापडते. स्थिर करणारी यंत्रणा आपला हात थोपवते, शेकरूला नाही!

पण यातही एक मेख आहे. अंधारात तरुणाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तशी ती कमी उघडते. तेव्हा जादा उजेडाचे पैसे मोजावेत, आणि म्हाताऱ्या डोळ्याने तो दारातूनच परत पाठवावा, असेही होते.

परतताना मामाच म्हणाले, "हात माझा आहे. मला ठाऊक नाही होय? तुम्ही दोघे उगीच भांडता." त्या वाक्याने वाद मिटला. १२×३६ घेतली. ती पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे मानेलाही जड नाही. दादाने जोडीला बॅटरीच्या चार जोड्या स्वतः आणून दिल्या.

वाचकहो, तुमच्या घरी हा प्रश्न आला तर सरळ हिशेब करा. पहाटे-संध्याकाळी रानात हिंडणारा, ताठ हाताचा माणूस असेल आणि पैशाची सोय असेल, तर जुन्या घराण्याची काच घ्या. उघड्या पाण्यावर, माळावर नाहीतर गच्चीवरून गुरूचे चंद्र पाहायचे असतील, किंवा हात थोडा हलत असेल, तर स्थिर चित्राची घ्या. हाताचा कंप फार मोठा असेल तर तिचाही इलाज चालत नाही. तिथे तिपाईच बरी. कासच्या फुलांना मात्र कोणतीच नको. तिथे गुडघे टेकून वाकावे.

आणि दुकानात जाताना, ज्याच्यासाठी घ्यायची त्याला बरोबर न्या. भेट गुपचूप द्यायची हौस आपल्याला फार. पण त्याचा हात काय म्हणतो ते त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? विचारायला आपणच भितो, एवढेच.