श्रावणबाळाचा दाखला

ऐन फराळात हा कडू घास कशाला, असे वाचक म्हणतील. म्हणोत बापडे!

आमच्या शेजारच्या काकू अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या. विजेचे बिल थकले, म्हणून श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायला निघाल्या, सोबत मी. पोळ्या लाटून वर्षाला ३६,००० मिळतात, असे त्यांनी खरे ते सांगितले. कारकून कनवाळू होता. हळूच म्हणाला, “आजी, मर्यादा २१,०००ची आहे. कमी सांगा.” काकू उठल्या. म्हणाल्या, “या वयात खोटे?”

२१,००० म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत! २०२३ साली अनुदान महिना १,५०० झाले, हे ठीकच. पण दार तेवढेच बुटके राहिले. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. रक्कम तीच, मर्यादा मात्र २,५०,०००, वय पासष्टपर्यंत. म्हणजे पासष्टी उलटली की बहिणीची गरिबी संपते काय?

काकूंचे बिल आम्ही वर्गणी काढून भरले. तो शेजारधर्म झाला, हक्क नव्हे. दोन्ही दारांची उंची एक करा, एवढेच माझे मागणे आहे. श्रावणबाळाने आईबापांना कावडीत बसवण्यापूर्वी उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता!